स्ट्राँग हायब्रिड गाडी: रोजचा शहरातला प्रवास आणि धरणकाठचा मुक्काम

सह्यवाट (पुणे)

रोज ऑफिसला जाण्यासाठी आणि सुट्टीच्या दिवशी धरणकाठी किंवा रानाजवळ मुक्काम करण्यासाठी एकच गाडी हवी असणाऱ्यांना सध्या हायब्रिडचे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचे, आकर्षण वाटते. शोरूममधली चर्चा मात्र मायलेजच्या आकड्यापाशी थांबते, आणि गाडीत रात्र काढायची असेल तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. आम्हाला तर एका विक्रेत्याने "रात्रभर एसी बॅटरीवर चालतो, इंजिन लागतच नाही" असे ठामपणे सांगितले होते. हे खरे नाही, आणि ते खरे मानून कोणी गाडी घेतली तर पहिल्याच मुक्कामात त्याची निराशा होईल, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याकडे मारुतीच्या ग्रँड व्हिटाराचे स्ट्राँग हायब्रिड व्हेरिएंट आहे. हीच यंत्रणा टोयोटाच्या हायरायडरमध्ये असते. दोन्ही गाड्या २०२२ मध्ये बाजारात आल्या. १.५ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि ०.७६ किलोवॅट-तासाची लिथियम-आयन बॅटरी अशी ही रचना आहे. बॅटरीचा हा आकडा लक्षात ठेवावा, कारण मुक्कामाचे सगळे गणित त्याच्याभोवती फिरते.

आधी एक खुलासा करते. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना "स्मार्ट हायब्रिड" म्हटले जाते. तो माइल्ड हायब्रिडचा प्रकार आहे. त्यात पट्ट्यावर फिरणारा एक छोटा स्टार्टर-जनरेटर वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लावतो, पण गाडी केवळ विजेवर धावत नाही आणि एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनाच्याच पट्ट्यावर असतो. सिग्नलला इंजिन बंद झाले की पंखा चालू राहतो, गारवा मात्र हळूहळू ओसरतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही एसी सुरू राहतो. मुक्कामाच्या दृष्टीने दोन प्रकारांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

गाडी "रेडी" स्थितीत (म्हणजे चालू आणि निघायला तयार, मग इंजिन बंद असले तरी) ठेवून, गिअर "पी"वर (पार्क) टाकून आणि हँडब्रेक ओढून एसी लावला, की तो आधी बॅटरीवर चालतो. चार्ज ठरावीक पातळीखाली गेला की इंजिन आपोआप सुरू होते, काही मिनिटे बॅटरी भरते आणि बंद होते. आमच्या गाडीत बेताच्या उकाड्यात साधारण दहा-बारा मिनिटांनी हे चक्र फिरते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी त्याहून लवकर. दिवसा बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. आत झोपलेल्याला मात्र इंजिन सुरू होतानाची ती बारीक थरथर पाठीला जाणवते, कारण तीन सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत तितके गुळगुळीत फिरत नाही. झोप हलकी असणाऱ्यांनी गाडी घेण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्हमध्येच मागची सीट पाडून, आडवे पडून, गाडी पंधरा-वीस मिनिटे रेडीमध्ये ठेवून पाहावी. सेल्समनला हे विचित्र वाटले तरी चालेल.

पेट्रोलचा हिशेब असा आहे. रात्री गाडी एकदा गार झाली की एसी आणि गाडीची इतर यंत्रणा मिळून सुमारे एक किलोवॅट वीज लागते असे धरले, तर आठ तासांना आठ युनिट होतात. उभ्या गाडीत एक लिटर पेट्रोलपासून दोन ते सव्वादोन युनिट वीज पदरात पडते असे मानले, तर रात्रीचा खर्च साडेतीन ते चार लिटरच्या घरात जातो. साधी पेट्रोल गाडी रात्रभर इंजिन चालू ठेवून उभी केली, तर याच्या जवळपास दुप्पट पेट्रोल जाईल. म्हणजे बचत खरी आहे, पण फुकट काहीच नाही.

आमचा रिवाज ठरलेला आहे. झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास एसी लावून गाडी गार आणि कोरडी करून घ्यायची, मग गाडी पूर्ण बंद करायची, काचा दोन-दोन बोटे उघडायच्या आणि बाहेरून मच्छरदाणीचे कापड ताणायचे. सह्याद्रीच्या माथ्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत एसीची गरजच पडत नाही, उलट पहाटे जाड पांघरूण शोधावे लागते. एसीची खरी गरज कोकणपट्टीत आणि मे महिन्यात भासते. त्या दिवसांत तंबू किंवा होमस्टे बरा असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेविषयीही सांगायला हवे. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाशी असल्यामुळे डिकी २६५ लिटरची उरते, तर याच गाडीच्या माइल्ड प्रकारात ती ३७३ लिटरची आहे. तंबू, दोन सतरंज्या, शेगडी, पाण्याचा कॅन आणि चौघांच्या बॅगा या डिकीत मावत नाहीत, हे मान्य करूनच सामान भरावे लागते. मागची सीट पाडली की सीटची पाठ आणि डिकीचा तळ यांच्यात किंचित चढ राहतो. तिथे दुमडलेली गोधडी घालून आम्ही पातळी साधतो. पावणेसहा फूट उंचीच्या माणसाला तिरके झोपावे लागते. दोघांना झोपता येते, तिघांना नाही.

शहरात मात्र ही गाडी मनापासून आवडते. हिंजवडीच्या किंवा सिंहगड रस्त्याच्या गर्दीत गाडी बराच वेळ विजेवर सरकते आणि लिटरमागे बावीस ते चोवीस किलोमीटर मिळतात. कंपनीचा दावा २७.९७ चा आहे. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने गेल्यास हाच आकडा एकोणीस-वीसवर येतो. घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्येही ॲव्हरेज पडते, कारण इंजिन नीट तापण्याआधीच प्रवास संपतो.

ज्यांनी अशी गाडी मुक्कामासाठी वापरली आहे त्यांनी अनुभव लिहावेत.

---

घाटमाथा

सह्यवाटताई, फार उपयुक्त लेख. मी वाहन उद्योगात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे घाटाविषयी चार शब्द लिहितो. आपल्याकडे मुक्कामाचे ठिकाण म्हटले की वाटेत घाट आलाच.

अनेकांचा समज असा असतो, की घाट उतरताना बॅटरी भरत राहते आणि खाली पोचेपर्यंत भरपूर वीज साठते. ०.७६ किलोवॅट-तासाच्या बॅटरीतला साधारण निम्माच भाग यंत्रणा प्रत्यक्ष वापरते. माणसे आणि सामान धरून गाडी सोळाशे किलोची मानली, टायरचे घर्षण, वारा आणि रूपांतरातली गळती वजा केली, तर सुमारे दीडशे मीटर उंची उतरेपर्यंत तेवढी जागा भरून जाते. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना आपण सुमारे पाचशे मीटर खाली येतो. म्हणजे पहिल्या तिसऱ्या हिश्शातच बॅटरी भरते आणि पुढच्या उतारावर मोटर ब्रेकचे काम करेनाशी होते.

अशा वेळी गिअरच्या दांड्यावरचा "बी" वापरावा. त्या स्थितीत गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसते फिरवते आणि जादा ऊर्जा तिथे खर्च करते. आवाज वाढतो, नवख्या माणसाला काहीतरी बिघडले असे वाटते, पण ती यंत्रणेची योजनाच आहे. "डी"मध्ये राहून केवळ पायाच्या ब्रेकवर घाट उतरला तर ब्रेक तापतात. सपाट रस्त्यावर मात्र "बी" ठेवण्यात काही फायदा नाही.

चढावर उलटी परिस्थिती असते. लांब चढावर बॅटरी खालच्या पातळीवर येते, मोटरची मदत कमी होते आणि इंजिन एका सुरात ओरडत राहते. या गाडीत नेहमीसारखे गिअर नाहीत. एक इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर ग्रहचक्री दातेरी चाकांनी जोडलेले असतात, म्हणून इंजिनाचा आवाज गाडीच्या वेगाशी जुळत नाही. टोयोटाने १९९७ मध्ये पहिली प्रियस आणली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे, आणि झिजणारे भाग कमी असल्यामुळे ती टिकाऊ ठरली आहे.

एक सक्त सूचना. उभ्या गाडीत एसी चालू असताना गिअर "एन"वर (न्यूट्रल) ठेवू नये. त्या स्थितीत बॅटरी चार्ज होत नाही, आणि ती उतरत गेली तर गाडी अडकून पडते.

---

किनारा

घाटमाथा काकांनी "एन"ची सूचना दिली हे फार चांगले झाले. दापोली-मंडणगड भागात राहत असल्यामुळे समुद्रकाठच्या मुक्कामाबद्दल लिहितो.

या स्ट्राँग हायब्रिड गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. ग्रँड व्हिटारामध्ये ऑल-व्हील ड्राइव्ह हवी असेल तर ती स्ट्राँग हायब्रिडबरोबर मिळत नाही. जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर आहे म्हणून ओल्या वाळूवर गाडी घालण्याचा मोह होतो, पण पुढचे चाक रुतले की ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर घसरू न देणारी यंत्रणा) ताकद कमी करतो, गाडी जागेवर थबकते आणि भरती कोणासाठी थांबत नाही. आमच्याकडे बैलजोडीने किंवा ट्रॅक्टरने गाड्या ओढून काढाव्या लागतात. गाडी डांबरी रस्त्यावर किंवा नारळीच्या वाडीत लावावी आणि किनाऱ्यावर चालत जावे.

वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात, तेव्हा बरेच जण गाडीतच मुक्काम करण्याचा बेत करतात. गावातल्या घरांतून राहण्या-जेवण्याची उत्तम सोय होते आणि त्यातून गावाला चार पैसे मिळतात. कासवांचे काम गावाच्या आधारावरच उभे आहे, म्हणून कृपया गावात राहावे. किनाऱ्याकडे तोंड करून गाडीचे दिवे लावू नयेत, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने जातात.

---

शुश्रूषा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, आणि या धाग्यावर एक विषय सविस्तर यायलाच हवा असे मला वाटते.

हायब्रिड गाडी शांत असते, म्हणून ती सुरक्षित आहे असा ग्रह होतो. पण रात्री तिचे इंजिन आपल्या नकळत अनेकदा सुरू होते आणि प्रत्येक वेळी धूर बाहेर पडतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. जागेपणी डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. झोपलेल्या माणसाला मात्र ही लक्षणे जाणवण्याआधीच शुद्ध हरपते.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. एसीसाठी चालवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असे तपासात पुढे आले. ती गाडी हायब्रिड नव्हती, पण धोका अगदी हाच आहे.

म्हणून गाडी रेडी स्थितीत ठेवून झोपायचेच असेल, तर ती उघड्यावर असावी. बंद गॅरेजमध्ये, तिन्ही बाजूंनी भिंत असलेल्या शेडमध्ये किंवा मागे मातीचा बांध येईल अशा जागी अजिबात नको. सायलेन्सरचे तोंड गवतात किंवा चिखलात दबलेले नाही हे हाताने चाचपून पाहावे. डिकीचे दार उघडे ठेवून त्यावर ताडपत्री बांधली तर सायलेन्सरमधून निघालेला धूर त्याच खोपटात साठतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या करू नयेत. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत मिळतो, तो उशाशी ठेवावा. थंडीत कोळशाची शेगडी गाडीत किंवा तंबूत घेणे हे तर उघड संकट आहे.

लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया बरोबर असतील तर इंजिन चालू राहू शकेल अशा गाडीत झोपूच नये, असा माझा सल्ला राहील.

---

सह्यवाट

डॉक्टर, आपले मनापासून आभार. ताडपत्रीचा मुद्दा मी कुठेही वाचला नव्हता. आमचा अलार्म मागच्या सीटच्या हुकाला टांगलेला असतो, आणि आपला प्रतिसाद मी आमच्या ट्रेकच्या गटात पाठवत आहे.

---

मुळशीकर

या गाड्यांमध्ये घरच्यासारखा प्लग मिळतो का? इंडक्शन शेगडी चालवता आली तर गॅस बाळगावा लागणार नाही.

---

घाटमाथा

भारतात विकल्या जाणाऱ्या ग्रँड व्हिटारा-हायरायडरमध्ये तशी सोय नाही. बारा व्होल्टचे सॉकेट असते आणि त्यातून जेमतेम १२० वॅट घेता येतात. इंडक्शनला पंधराशे ते दोन हजार वॅट लागतात, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा. बाहेरचा मोठा इन्व्हर्टर थेट बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडण्याचा उद्योगही करू नये. या गाड्यांतली ती बॅटरी लहान असते, आणि उच्च दाबाच्या नारिंगी वायरींच्या आसपास स्थानिक गॅरेजमध्ये हात घातला तर जिवाला धोका आहे आणि वॉरंटीही जाते.

याला एक सरळ पर्याय आहे. चारपाचशे वॅट-तासांचे पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यावे आणि गाडी चालत असताना ते बारा व्होल्टच्या सॉकेटवर लावून ठेवावे. चार तासांच्या प्रवासात साडेतीनशे ते चारशे वॅट-तास भरतात. पंचवीस वॅटचा पंखा रात्रभर चालवला तर दोनशे लागतात, बाकीच्यात दिवे आणि फोन भागतात. या व्यवस्थेत रात्री गाडी पूर्ण बंद ठेवता येते, आणि डॉक्टरांनी सांगितलेला धोकाही उरत नाही. स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. अभयारण्याच्या हद्दीत मात्र आग पेटवता येत नाही, तिथे गावात जेवण सांगावे.

---

दूरदेशी (कॅलिफोर्निया)

मुळशीकरांच्या प्रश्नावरून लिहावेसे वाटले. आमच्याकडे टोयोटाची सिएना आहे. अमेरिकेत २०२१ च्या मॉडेलपासून ही गाडी केवळ हायब्रिडमध्येच मिळते, आणि काही व्हेरिएंटमध्ये १५०० वॅटचा घरगुती प्लग असतो. त्यावर भाताचा कुकर आणि चहाची किटली आरामात चालते, मात्र गाडी रेडी स्थितीत असावी लागते. ही कल्पना जपानमध्ये जुनी आहे. २००१ च्या एस्टिमा हायब्रिडमध्येच १५०० वॅटचा प्लग होता, आणि २०११ च्या भूकंपानंतर वीज गेलेल्या भागात या गाड्यांमधून वीज घेतली गेली. आपल्याकडे चक्रीवादळात कोकणात आठवडेच्या आठवडे वीज नसते. तिथल्या गाड्यांना हा प्लग द्यावा अशी मागणी भारतातल्या ग्राहकांनी नेटाने करायला हवी.

सिएनाच्या मागच्या रांगेतली सीट जमिनीतल्या खळग्यात दुमडून जाते. मधल्या सीट मात्र काढता येत नाहीत, त्या पुढे सरकवूनच गादी घालावी लागते. आम्ही दोघे पाय पसरून झोपतो.

इथल्या नियमांचाही उल्लेख करतो, कारण भारतातून येणारे नातेवाईक अनेकदा गोंधळतात. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते आणि जनरेटर दिवसातल्या ठरावीक तासांतच चालवता येतो. हायब्रिडचे इंजिन मध्यरात्री सुरू झाले की शेजारच्या तंबूला त्याचा त्रास होतोच, त्यामुळे आम्ही रात्री गाडी बंद ठेवतो. अस्वलांमुळे रात्री गाडीत खाण्याचा कोणताही पदार्थ ठेवता येत नाही. लाडू-चिवड्याचे डबेदेखील लोखंडी पेटीत ठेवावे लागतात. हिवाळ्यात बर्फाने सायलेन्सर बुजण्याचा धोका असतो, तेव्हा शुश्रूषा यांचा प्रतिसाद इथल्या मंडळींनी दोनदा वाचावा.

---

चार्जर_नाशिक

विषय हायब्रिडचा आहे याची जाणीव ठेवून थोडक्यात लिहितो. गाडीत रात्र काढणे हाच मुख्य हेतू असेल, तर इलेक्ट्रिक गाडी हायब्रिडपेक्षा सरस आहे. आमच्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ४०.५ किलोवॅट-तासांची आहे, म्हणजे सह्यवाटताईंच्या गाडीच्या पन्नास पटींहून मोठी. रात्रभर एसी चालवला तर पाचव्या हिश्शाच्या आतबाहेर चार्ज जातो. आवाज नाही, धूर नाही. २०२३ च्या मॉडेलपासून तिच्यातून बाहेरची उपकरणेही चालवता येतात, त्यामुळे इंडक्शनचा प्रश्न सुटतो.

अडचण परतीच्या वाटेची असते. मुक्कामाला पोचताना जवळच्या चार्जरपर्यंत जाण्याइतके अंतर, अधिक रात्रीचा एसी, अधिक घाटाचा चढ असा हिशेब आधीच करून निघावे लागते. ठिकाण ओळखीचे असेल तर हे जमते. रस्ता चुकला, पूल बंद निघाला, लांबचा वळसा पडला तर जीव टांगणीला लागतो. त्या दृष्टीने आडवाटेला जाणाऱ्यांनी हायब्रिड घेणे मला पटते.

---

हिशेबनीस

रोजच्या वापराच्या अर्थकारणाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रतिसाद. माइल्ड प्रकारातली ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक धरू. शहरात पहिलीला लिटरमागे चौदा आणि दुसरीला तेवीस किलोमीटर मिळतात असे मानू. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे ३३५ लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे आजच्या दराने पस्तीस हजार रुपयांच्या आसपास. फरक वसूल व्हायला आठ-नऊ वर्षे लागतील. वर्षाला वीस हजार किलोमीटर होत असतील तर हीच मुदत पाच वर्षांवर येते. केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी, आणि वापर कमी असताना, हा खर्च मला समर्थनीय वाटत नाही. ज्यांना शहरातला शांतपणा आणि इंजिन सतत चालू न ठेवता मिळणारा एसी यांचे मोल वाटते, त्यांनी जरूर घ्यावी.

करांच्या बाबतीत हायब्रिडला इलेक्ट्रिकसारखी सवलत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्यानंतर चार मीटरहून लांब हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के कर आहे, तर इलेक्ट्रिकवर ५ टक्के. हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते, त्यामुळे बॅटरी बदलण्याच्या खर्चाची भीती निदान तेवढी वर्षे बाळगण्याचे कारण नाही.

---

आजोळ

इथले सगळे प्रतिसाद वाचून आमचा निर्णय बराचसा झाला आहे. एक शंका राहिली. जूनच्या सुरुवातीला काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याला जायचे आहे. बरोबर सत्तरीच्या आई आहेत, त्यांना जमिनीवर तंबूत झोपणे जमणार नाही. हायरायडरमध्ये त्यांची झोपण्याची सोय होईल का? दुसरे म्हणजे, मुक्कामाला गेल्यावर गाडी सुरूच होत नाही असे प्रकार ऐकले आहेत. त्यामागे काय कारण असते?

---

सह्यवाट

आजोळ, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडीचे संगणक जागे होण्यासाठी आणि मोठ्या बॅटरीची जोडणी चालू होण्यासाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी लागते. मुक्कामात नेमकी तीच उतरते. गाडी रेडी न करता नुसत्या ॲक्सेसरी स्थितीत गाणी लावणे, डिकी रात्रभर उघडी ठेवल्याने आतला बारीक दिवा जळत राहणे, दार अर्धवट लागणे, अशी साधी कारणे त्यामागे असतात. रेडी स्थितीत मोठी बॅटरी छोटीला भरत राहते, म्हणून गाणी किंवा दिवे लागणार असतील तर गाडी रेडीमध्ये ठेवावी, नाहीतर पूर्ण बंद करावी. मधली स्थिती टाळावी. ही गाडी ढकलून सुरू होत नाही. खिशात मावणारा जंप स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीला तात्पुरती वीज देणारे उपकरण) जवळ असला की पुरते, कारण इंजिन फिरवायला ही छोटी बॅटरी वापरली जात नाही, तिला फक्त संगणक जागे करायचे असतात. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी मात्र जंप स्टार्ट करून देऊ नये.

आणखी एक गोष्ट मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. बॅटरी गार ठेवण्यासाठी हवा आत घेणारी जाळी अशा गाड्यांत बहुधा मागच्या सीटजवळ असते. सीट पाडून गादी घातली, की गोधडीचा कोपरा किंवा बॅग नेमकी तिच्यावर येते. ती मोकळी राहील अशी गादी कापून घ्यावी. आमच्या गादीला त्या बाजूला वीतभर खाच ठेवली आहे.

आता आईंविषयी. हायरायडरमध्ये मागची सीट पाडून त्यांना झोपवावे असे मी सुचवणार नाही. आत शिरताना गुडघ्यांवर रांगावे लागते आणि रात्री उठायचे झाले तर फार त्रास होतो. शेंडी गावात किंवा रतनवाडी, साम्रदकडे घरगुती मुक्कामाची सोय आहे, तिथे त्यांच्यासाठी खाट सांगून ठेवावी. गाडीत तुम्ही झोपा.

काजव्यांच्या दिवसांत हा सगळा भाग, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर, गाड्यांनी भरून जातो. वन विभागाची त्या वर्षीची वेळांची आणि प्रवेशाची सूचना पाहूनच निघा. गाडी रेडीमध्ये असली की पुढचे दिवसाचे दिवे लागलेले राहू शकतात, आणि हिरड्याच्या किंवा सादड्याच्या झाडावर काजव्यांचा लखलखाट चालू असताना त्या उजेडाने काजवे विझतात. तेव्हा झाडांजवळ एसीसाठी गाडी रेडीमध्ये ठेवून बसणे नकोच. गाडी गावातच, तोंड भिंतीकडे करून पण मागची बाजू मोकळी राहील अशी लावावी, पूर्ण बंद करावी आणि आईंना हाताला धरून जवळच्या झाडापर्यंत चालवत न्यावे. शेंडीच्या आसपास रस्त्यालगतच्या झाडांवरही भरपूर काजवे असतात, त्यामुळे त्यांना फार चालावे लागणार नाही. पाऊस सुरू झालेला असेल तर जुन्या टॉवेलने काचा आतून पुसत राहाव्या लागतात. सकाळी निघताना दहा मिनिटे एसी लावला की आतली ओल निघून जाते आणि काच स्वच्छ होते.